झोळीवाला

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भर दुपारी एक फोटो आला. वरच्या कुठल्यातरी बाल्कनीतून काढलेला, त्यामुळे त्यात माणसांपेक्षा माथीच जास्त. दोन बायका. एकीच्या डोक्यावर बोचकं, दुसरीच्या खांद्याला झोळी, आणि झोळीत बहुधा मूल असावं, कारण कापडाला खालच्या बाजूला टाचेएवढा फुगवटा आलेला. चेहरा एकीचाही दिसत नव्हता. खाली मजकूर : 'अशा बायका आपल्या लेनमध्ये फिरत आहेत. कृपया दारं बंद ठेवा. वॉचमनला कळवलं आहे.' त्याखाली भराभर अंगठे आणि जोडलेले हात. मग बी विंगमधल्या कुणीतरी विचारलं, 'काय केलं त्यांनी?' उत्तर आलं, 'अजून तरी काही नाही.'

ते उत्तर मला दिवसभर पुरलं.

त्या बायका कोण होत्या हे फोटो येण्याच्या आधीच मला ठाऊक होतं, कारण त्यांची हाळी मी स्वयंपाकघरात ऐकली होती. 'सुया घ्या, पोत घ्या, बिबेऽऽ घ्या.' वैदूंच्या बायका. शेवटचा 'बिबे' लांबवत नेऊन मध्येच तोडायची ती पद्धत मी लहानपणापासून ऐकत आलेय. आजी त्यांच्याकडून मूठभर बिबे घेऊन ठेवायची. हिवाळ्यात टाचा फुटल्या की एक बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची, त्यातून काळं तेल चुरचुरत बाहेर यायला लागलं की भेगेवर टेकवायची. चटका बसायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि दोन दिवसांत भेग भरून यायची. आता ते कुणी करत नाही, आणि बिब्बा उततो म्हणून डॉक्टर रागावतातही. पण बिब्बा अजून खपतो. ज्यांनी तो फोटो टाकला त्यांच्याच गाडीच्या पुढच्या बंपरला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची लागते, आणि त्या दोऱ्यात मिरच्यांच्या खाली एक काळा बिब्बा ओवलेला असतो. नजर लागू नये म्हणून. तो बिब्बा रानातून वेचून शहरात कोण आणतं, हा प्रश्न मला ग्रुपवर विचारावासा वाटत होता. विचारला असता तर गंमत म्हणून हसले असते सगळे.

माझं आजोळ मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, जवळपास कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. काळी जमीन, विहिरींना पाणी नाही, आणि तरी ज्वारी अशी की तिच्यापुढे दुसरी कुठली मंगळवेढ्याच्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही. दुष्काळात सरकारी कोठार उपाशी माणसांसाठी उघडं करणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. कोण कुठला, खरंच उपाशी आहे की नाटक करतोय, हे दामाजीपंतांनी विचारलं नाही, असं आजी सांगायची. सुगी झाली, खळी उरकली की आमच्याकडे डवरी गोसावी यायचे. भगवी कापडं, कपाळाला भस्म, काखेत झोळी आणि हातात डौर. डौराचा आवाज आधी लांबून, मग वाड्याच्या कोपऱ्यावर, मग एकदम अंगणात. आजी डोक्यावरचा पदर सारखा करून सुपात ज्वारी घ्यायची आणि उंबरा ओलांडून बाहेर यायची. आतून हात लांबवून तिनं कधी घातलं नाही. 'घ्या महाराज' म्हणायची. तो झोळीचं तोंड रुंद करायचा, ज्वारी सरसरत आत जायची, आणि मग तो कमरेच्या पिशवीतून चिमूटभर अंगारा काढायचा. आजी तो आधी माझ्या कपाळाला लावायची, उरलेला स्वतःच्या.

आणि त्याच संध्याकाळी, मी ताटातली भाकरी चिवडत बसले की तीच आजी म्हणायची, 'खा बघू मुकाट्यानं. न्हाईतर दुपारचा गोसावी हाय अजून वेशीपाशी. झोळीत घालून नेतोय.'

मी खायचे. वरणाबिरणाची तक्रार न करता घास गिळायचे. एकदा तो गोसावी पाणी प्यायला ओट्यावर टेकला आणि झोळी माझ्या हाताच्या अंतरावर ठेवली. मी धीर करून आत डोकावले. ज्वारी होती, बाजरी होती, वाळलेल्या भाकरीचे तुकडे, दोन कांदे आणि एक चेपलेला तांब्या. कापडाला धुराचा आणि शिळ्या भाकरीचा वास. मूल नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तरी रात्री आजीनं तेच म्हटल्यावर मी तेवढ्याच घाईनं जेवले. आजीला त्याच्याबद्दल आदर होता की भीती, हे मी पुढे तिला विचारलं होतं. ती म्हणाली, 'त्यात काय, लेकरांना भरवायला कायतरी सांगावंच लागतंय.' तिच्या लेखी दुपारचं खरं होतं आणि रात्रीचं खोटं. लेकरांना ते उलट समजत असेल, असा विचार तिच्या मनाला शिवला नाही. मराठी घरांत असं कुणीतरी सगळीकडे आहे. कुठे बुवा, कुठे बागुलबुवा, कुठे गोसावी, कुठे पारधी. खांद्याला काहीतरी अडकवलेलं असलं आणि तो आपल्या गल्लीतला नसला म्हणजे झालं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. तिथे पाच जण उतरले. नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे माझ्या आजोळच्या आसपासचे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून ओरड झाली, माणसं जमली, पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. त्या उन्हाळ्यात देशभर एक क्लिप फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतली, शेवटी ते मूल परत आणून सोडतात. फिरवणाऱ्यांनी तो शेवट तेवढा कापला होता. राईनपाड्याच्या त्याच रात्री मालेगावात दोन वर्षांचं मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावानं घेरलं होतं. तिथे पोलीस वेळेत पोचले म्हणून ती माणसं वाचली. महिनाभरात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आकडा पाचच असावा हा योगायोगच.

सगळ्यांनी दोष फोनला दिला. ते सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं. पण बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे क्लिप आली नाही, आमचा ओटा आला. क्लिपमधली माणसं मोटारसायकलवर होती, पँट-शर्टातली होती. राईनपाड्याला मेलेली माणसं पायी होती, खेडवळ होती, झोळीवाली होती. दोन्हींत सारखं काहीच नाही. मग बघणाऱ्याच्या मनात ती एकमेकांना चिकटली कशी? फोननं 'मुलं पळवणारे आलेत' एवढाच निरोप दिला. ते दिसतात कसे हे फोनला सांगावं लागलं नाही, ते आधीच भरवून झालेलं होतं, घासागणिक.

आमच्या ऑफिसात तेव्हा चर्चा झाली ती वेगळीच. एक जण हळहळला, खरोखर हळहळला, आणि म्हणाला, 'आदिवासी भाग ना तो, तिकडचे लोक तसेच.' म्हणजे रूपावरून माणसं मारली गेल्याचा संताप आणि तो व्यक्त करायची भाषा, दोन्ही एकाच पोत्यातली. पुढे १६ एप्रिल २०२०ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशाच अफवेपायी मारले गेले, तेव्हा तर जमाव कुठल्या धर्माचा याची उत्तरं घटनेची माहिती येण्याआधीच तयार होती. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. आपण न केलेल्या गुन्ह्यात आपण नाही, हे एका अख्ख्या समाजाला मंत्र्याच्या तोंडून यादीनिशी सिद्ध करून घ्यावं लागतं. उरलेल्यांना कधी लागत नाही.

सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो पुढचं न विचारता नेऊन सोडतो. ते कशाचं सेटलमेंट हे आता फारसं कुणी विचारत नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, मग पुढच्या सुधारणांनी आपल्याकडेही. त्यामागचा तर्क ऐकायला इतका सरळ होता की आजही तो चहाच्या टपरीवर सहज खपेल : सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार, तसा चोराचा चोर. जातच धंद्यावर चालते तर गुन्हा का नाही चालणार? मग पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा जमातींतली माणसं तारेच्या कुंपणात आली, तेच हे सेटलमेंट. दिवसातून ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. सोलापूरच्या गिरण्यांना त्यांचे हात मात्र चालले, तिथे कुणाला भीती वाटली नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावरही ही माणसं पाच वर्षं कायद्यानं जन्मजात गुन्हेगारच होती. ३१ ऑगस्ट १९५२ला ती सुटली आणि 'विमुक्त' झाली. लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९चा. जात गेली, सराईतपणा आला, आणि ठाण्यातली वही तीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये भटक्या-विमुक्तांना सराईत समजण्याची कलमं इतकी घट्ट रुतून बसली होती की ती बेकायदा ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावी लागली.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त इन्स्पेक्टर आहेत. सज्जन माणूस, गणपतीत मोदक आणून देणारे. या विषयावर ते मला नेहमी एकच सांगतात, 'ताई, तुम्ही पुस्तकी बोलता. आकडे बघा ना.' आकड्यांचं मला खोटं वाटत नाही, पण ते पडतात कसे ते बघायला हवं. गावात घरफोडी झाली की गाडी आधी कुठे जाते? भटक्यांच्या पालावर. विदर्भात असेल तर बेड्यावर. झडती तिथे होते, संशयित म्हणून उचलतात ते तिथूनच, रेकॉर्डवर नाव चढतं ते त्याच पालावरच्या माणसाचं. पुढच्या चोरीला तेच रेकॉर्ड उघडून गाडी पुन्हा पालावर. एकाच घराची रोज झडती घेतली आणि बाकीच्या गावाची कधीच घेतली नाही, तर मुद्देमाल मिळाला तर कुठे मिळणार? इन्स्पेक्टरसाहेब यावर हसतात आणि म्हणतात, 'पण मिळतो ना?' मिळतो. कधी कधी मिळतो. माझं भांडण तिथे नाहीच. एकाकडे मिळाला म्हणून शेजारच्या पालातल्या बाईला, जिला सुयांच्या गड्डीपलीकडे कसलाही धंदा माहीत नाही, गावात पाय ठेवू न देण्याचा हिशेब मला कळत नाही.

त्यातही आडनावांनी मोठी पंचाईत करून ठेवलीय. पारध्यांची आडनावं पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे. माझ्या शाळेच्या हजेरीपटावर याच आडनावांची निम्मी मुलं होती आणि त्यातली बरीच आज डॉक्टर, तलाठी, सरपंच आहेत. कागदावर फरक दिसत नाही म्हणून मग तो कपड्यांत, केसांत, चालण्यात, बोचक्यात शोधायचा. पतसंस्थेचा चेअरमन विधवांच्या ठेवी बुडवून पळतो तेव्हा 'तो माणूसच लबाड निघाला' असं आपण म्हणतो. त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या कुणाला दारात उभं करायचं की नाही, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आपल्यातल्याचा गुन्हा हा त्याचा एकट्याचा असतो. परक्याचा असला की तो वारसाहक्कानं वाटला जातो.

आपल्यावर वेळ आली की हे सगळं आपल्याला लख्ख कळतं. सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंडच्या एका इमारतीत मराठी म्हणून एका बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटला होता, आणि पेटायलाच हवा होता. 'घाटी' या शिवीनं ज्याचा कान कधी भाजलाय त्याला पुढचं समजावून सांगावं लागू नये. पण त्याच महिन्यात आमच्या सोसायटीत भाडेकरूंच्या अर्जावर 'बॅचलर नको' आणि आणखी कोण कोण नको याची यादी बिनबोभाट मंजूर झाली. टाळ्या नाहीत, विरोधही नाही. पुढचा विषय पाण्याची टाकी.

भीती खोटी असते असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी नववीत आहे, दुपारी एकटी घरी असते. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही हे मी तिला बजावून ठेवलंय आणि त्याची मला लाज नाही. पण त्या नियमात टाय लावलेला विमा एजंटही येतो, आणि गॅस कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेलाही. सगळ्यांना सारखी लागते ती सावधगिरी मला समजते. काहींनाच लागते ती सावधगिरी नव्हे, तिला दुसरं काही म्हणा. आमच्या गेटवर नांदेडकडचा एक तरुण पोरगा असतो. मी त्याला विचारलं, रजिस्टरमध्ये सही कुणाकुणाची घेतोस? म्हणाला, 'पायी येणाऱ्याची, मॅडम. कारवाले थांबत नाहीत. हॉर्न देतात, मग वर कंप्लेंट करतात.' म्हणजे माणूस बघायचाही नाही, नुसती चाकं मोजायची. दांडा वर जातो, सलाम होतो, काच खालीही येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका काकांची आयुष्यभराची पुंजी गेली. कुणी बोचकंवाली बाई आली नव्हती. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वर्दीतला माणूस होता, मागे भिंतीवर अशोकस्तंभ, टेबलावर फाइली, बोलणं अस्खलित इंग्रजी आणि मधूनमधून 'सर'. त्यांनी काकांना दोन दिवस फोनसमोरून हलू दिलं नाही. डिजिटल अरेस्ट म्हणे. काका बँकेत मोठ्या पदावर होते, माणसं ओळखण्यात हयात गेलेली. सुया विकणारीवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नसता, आणि नेमका म्हणूनच तो चोर वर्दी घालून आला. आपण कुणावर संशय घेतो यापेक्षा आपण कुणावर घेत नाही, हे चोराला नीट पाठ असतं. काकांबद्दल ग्रुपवर सहानुभूतीचे निरोप आले, सायबर सेलचा नंबर आला. मात्र 'इस्त्रीची वर्दी आणि इंग्रजी बोलणाऱ्या माणसांपासून सावध राहा' असा मेसेज आला नाही. येणार कसा? मग आमच्यापैकी निम्म्यांना एकमेकांकडे चहाला जाता आलं नसतं.

अंदाज बांधल्याशिवाय माणूस रस्ता ओलांडू शकत नाही, हे मला मान्य आहे. समोरचा कसा दिसतो, कसा चालतो यावरून आपण सतत ताडत असतो आणि पुष्कळदा ते बरोबरही येतं. मला टोचतं ते चुकीच्या अंदाजाचं बिल. मी चुकले तर मला ओशाळं हसावं लागतं, फार तर एखाद्या विमा एजंटाचा अपमान होतो. त्या वैदूंच्या बाईबद्दल सोसायटी चुकली तर तिचा दिवसाचा धंदा बुडतो. राईनपाडा चुकलं तेव्हा पाच माणसं गेली. अंदाज बांधणारा एक, पैसे भरणारा दुसरा, आणि दर वेळी तो दुसरा त्याच-त्याच पालातला. मामाला फोन केला तेव्हा तो सांगत होता, डवरी गोसावी आता फारसे येत नाहीत, लांबच्या जिल्ह्यात जायचं तर घरची माणसंच सोडत नाहीत. 'डौर घेतला तरी मारत्यात, न्हाई घेतला तरी मारत्यात,' असं त्याला त्यातला एक जण म्हणाला होता. मग मामा ज्वारीच्या भावाकडे वळला आणि पोतं पाठवू का म्हणून विचारायला लागला.

परवा बहिणीकडे हिंजवडीला गेले होते. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, भाचा साडेतीन वर्षांचा, जेवणाच्या नावानं शंख. ती त्याच्या मागे वाटी घेऊन धावत होती, आणि बघता बघता तिच्या तोंडून आजीच बोलली : 'खातोस की झोळीवाल्याला बोलावू?' भाचा थांबला. 'झोळी म्हणजे काय?' बहिणीनं क्षणभर विचार केला. त्यानं झोळी बघितलेली असण्याचा प्रश्नच नव्हता. 'मोठ्ठी बॅग असते पाठीला,' ती म्हणाली, 'त्यात मुलं घालतात.' त्यानं पटकन घास घेतला. मी म्हटलं, अगं काय हे. ती म्हणाली, 'मग तू भरव.' मी वाटी घेतली, आणि माझ्याकडूनही त्यानं एक घास खाल्ला नाही. तेवढ्यात बेल वाजली. दारात नारिंगी टी-शर्टातला पोरगा होता, घामाघूम, पाठीला चौकोनी मोठ्ठी बॅग. भाचा किंचाळत सोफ्यामागे. त्या पोराला काही कळेना, तो बिचारा हसून 'हाय बाळा' म्हणत आत वाकला, तसा आतला आवाज आणखी वाढला. बहीण हसत हसत दाराशी गेली आणि त्याला ओटीपी सांगितला.